भुरा चढलेली टॅन हँडबॅग: प्रकल्प नोंदी, कोलशेत, ठाणे

८ सप्टेंबर २०२५

बॅग कपाटाच्या वरच्या कप्प्यातून खाली काढली. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून ठेवलेली. तीन महिने उघडली नव्हती. पिशवी बांधताना चामड्यात जी ओल होती ती आतच कोंडली गेली, आणि पावसाळ्यात बाहेरची भर पडत राहिली.

इटलीत शिवलेली, वासराच्या चामड्याची बॅग. रुंदी ३० सेंमी, उंची २३, तळ १४. अंग गुळगुळीत टॅन. दोन्ही हँडलं आणि ती जिथे शिवली आहेत त्या पट्ट्या फिक्या, न रंगवलेल्या चामड्याच्या. अस्तर तपकिरी मायक्रोसुएडचं. आत एक कप्पा, त्याला पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) लेप. रिव्हेट पितळी, बकल मुलामा दिलेलं.

दिसलेलं: तळाच्या चारही कोपऱ्यांवर आणि कडेच्या गोटाला पांढरा भुरा. फ्लॅपवरही पांढुरकी झाक, पण ती वेगळी वाटते. हँडलांची पकड काळपट तेलकट, साधारण ६ सेंमी. रिव्हेटभोवती हिरवं मेण. फ्लॅपच्या आतल्या बाजूला बॉलपेनची २ सेंमी रेघ. कडांचा रंग तीन ठिकाणी तडकलेला. आतला कप्पा बोटाला चिकटतो.

आज काही पुसलं नाही. ओला भुरा पुसला तर तो रंध्रांत आणि शिवणीत चोळला जातो, आणि पुढच्या दोन महिन्यांत तिथूनच परत उगवतो. उत्तरेच्या खिडकीत पांढरा कागद शेजारी ठेवून फोटो काढले, म्हणजे पुढे रंग उतरला का ते ताडता येईल.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन: ९१२ ग्रॅम. हा आकडा या कामात सगळ्यांत उपयोगी पडेल. चामड्यात किती पाणी आहे हे हाताला कळत नाही, काट्याला कळतं. खोलीतली आर्द्रता मापक ८४ टक्के दाखवतोय. मापकावर अजून विश्वास नाही.

९ सप्टेंबर

मापक तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं केलं. मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक एका झिप पिशवीत बंद, रात्रभर. असं संपृक्त मीठ बंद जागेत ७५ टक्के आर्द्रता धरून ठेवतं. आपला मापक ७१ दाखवतो, म्हणजे ४ कमी. कालची खरी आर्द्रता ८८. यापुढचे सगळे आकडे दुरुस्त केलेले आहेत.

आता फ्लॅपवरची झाक. पांढरं दिसलं की भुरा असं धरून स्पिरिट फिरवणं ही सर्रास होणारी चूक आहे. हेअर ड्रायर मंद उष्णतेवर, २० सेंमी अंतरावरून १५ सेकंद धरला. झाक नाहीशी झाली. ती चरबी होती: चामडं मऊ ठेवायला कारखान्यात मुरवलेले स्निग्ध पदार्थ गार हवेत वर येऊन थिजतात. गरम केलं की वितळतात, मऊ कापडाने पुसले की काम संपतं. तळाच्या कोपऱ्यांवर तोच प्रयोग केला, पांढरं जसंच्या तसं. दहापट भिंगातून तंतू स्पष्ट दिसतात. तिथे बुरशीच आहे.

ड्रायरचा उपयोग एवढाच. ओल्या चामड्याला उष्णता दाखवली की तंतू आखडतात आणि चामडं लाकडासारखं कडक होतं. ते परत मऊ होत नाही.

१० सप्टेंबर

कोरडी सफाई. गॅलरीत, वारा पाठीमागून घेऊन, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. बेडरूममध्ये हे करू नये, बीजकणं गादी-पडद्यांवर बसतात आणि शेजारच्या चपला-पर्सना लागण होते. आधी व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला दुहेरी मलमल बांधून अस्तर आणि कोपरे ओढून घेतले. मग बकरीच्या केसांचा २५ मिमी ब्रश, शिवणीच्या दिशेने, कधीही आडवा नाही. गोट आणि अंग यांच्या खाचेत जुना मऊ दातांचा ब्रश. मलमल फेकली, ब्रश साबणाने धुऊन वाळत घातले.

कपाटाचा कप्पाही रिकामा करून पुसून घेतला. बॅग साफ करायची आणि त्याच कप्प्यात परत ठेवायची, यात अर्थ नाही.

११ ते १४ सप्टेंबर

फक्त वाळवण. छोटी खोली, एसी ड्राय मोडवर, २६ अंश, आर्द्रता ५२ ते ५५ टक्के. बॅग उघडी, जाळीच्या रॅकवर, चारही बाजूंनी हवा लागेल अशी. पंखा मंद आणि तोंड भिंतीकडे.

वजन: ११ला ९०६, १२ला ८९३, १३ला ८८६, १४ला ८८२. जवळजवळ तीस ग्रॅम पाणी निघालं, म्हणजे दोन मोठे चमचे. बाहेरून बॅग पहिल्या दिवशीही कोरडीच वाटत होती.

"जरा ऊन दाखवा की" हा सल्ला घरात प्रत्येकाने दिला. पापड-कुरडयांना आणि गोधड्यांना ऊन ठीक आहे. हँडलांचं न रंगवलेलं चामडं उन्हात वेगाने गडद होतं आणि जी बाजू उन्हाकडे तीच होते, त्यामुळे एक हँडल मधाच्या रंगाचं आणि दुसरं फिकं असा कायमचा फरक पडतो. अंगाचा रंग उलट उडतो. सावली आणि कोरडी हवा, बस्स.

१५ सप्टेंबर

८८१ ग्रॅम. काल-आजचा फरक एक ग्रॅम, म्हणजे वाळवण पुरं झालं.

आज चामड्याची जात ठरवली, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पाण्याचा एक थेंब अंगावर, दिसणार नाही अशा तळाच्या बाजूला: तीन मिनिटांनंतरही थेंब मण्यासारखा उभा. म्हणजे वर रंगाचा संरक्षक थर आहे. दुसरा थेंब हँडलाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला: दहा सेकंदांत शोषला, खाली गडद डाग. हे उघडं, झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं. आपल्याकडे याची ओळख कोल्हापुरी चपलेमुळे असते. तिचं चामडंही बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, आणि कोरी कोल्हापुरी पहिल्या पावसात भिजली की कशी काळवंडते ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हँडलं त्याच कुळातली. लुई व्हिटॉनच्या मोनोग्राम बॅगांच्या दांड्याही अशाच उघड्या चामड्याच्या असतात. त्या बॅगांचं अंग मात्र लेप दिलेलं कापड आहे, त्याला लेदर क्रीम लावून काही मिळत नाही.

मग रंगाची परीक्षा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर, तळाला. पहिल्या तीन हातांत काडी पांढरी, पाचव्या हाताला टॅन. म्हणजे भुरा होता त्या जागी एकदाच, हलका हात चालेल, घासणं नाही. हँडलाला अल्कोहोल अजिबात नाही, ते आतलं तेल ओढून घेतं आणि कडा असलेला फिका डाग सोडतं. हातांना सॅनिटायझर लावून लगेच पर्स उचलण्याची सवय किती हँडलं खाते, हे या प्रयोगावरून ध्यानात यावं.

१६ सप्टेंबर

अंगाची ओली सफाई. दोन तास लागले, त्यातला बराचसा वेळ थांबण्यात.

पाणी डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. इमारतीला टँकर येतो तेव्हा पाणी जड असतं आणि वाळल्यावर गडद चामड्यावर पांढरे वळ उठतात. २०० मिली पाण्यात ४ थेंब सौम्य बेबी शाम्पू (बाटलीवर पीएच ५.५ लिहिलेला). वाटीत ब्रशने फेटून फक्त फेस घेतला. फेसात मळ सोडवण्याइतका शाम्पू असतो आणि पाणी अगदी थोडं. पूर्ण बॅगेला जेमतेम ३० मिली द्रावण लागलं.

अंघोळीचा साबण, भांड्यांचं लिक्विड, खाण्याचा सोडा यांतलं काहीही नाही. चामडं स्वभावाने आम्लधर्मी, पीएच साधारण ४. साबणाच्या वडीचा पीएच ९-१०. अल्कलीने कमावणीचे बंध सैल होतात. त्या दिवशी बॅग छान स्वच्छ दिसते. कोरडेपणा आणि बारीक भेगा काही महिन्यांनी येतात, तेव्हा कुणाला साबण आठवत नाही. बेबी वाइप्सही नकोत, त्यांनी रंगाचा थर हळूहळू मंद होतो.

पद्धत: एका वेळी एक पूर्ण तुकडा, शिवणीपासून शिवणीपर्यंत. डाग तेवढाच पुसला तर ओल्या-कोरड्याच्या सीमेवर मळ जमून कडा उमटते. मऊ ब्रशने वर्तुळात २० सेकंद, लगेच घट्ट पिळलेलं मलमल, लगेच कोरडं मलमल. कापडावर येणारा रंग बघत राहायचं. करडा-काळपट असेल तर मळ आहे. बॅगेच्या रंगाचाच असेल तर रंग उतरतोय, थांबा. चारही बाजू करड्या आल्या, तळ सगळ्यांत जास्त.

तळ वाळल्यावर कोपऱ्यांना आणि गोटाला अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाचा एक हात. दुसरा नाही.

चूक झाली. पुढच्या बाजूला कापड नीट पिळलं गेलं नव्हतं. शिवणीतून पाणी हँडलाच्या उघड्या पट्टीत शिरलं, ८ मिमीचा गडद अर्धवर्तुळ. फक्त तेवढं वाळू दिलं असतं तर कडा पक्की झाली असती. म्हणून ती सबंध पट्टी डिस्टिल्ड पाण्याच्या बारीक फवाऱ्याने एकसारखी ओलसर केली आणि सावकाश वाळू दिली. संध्याकाळी कडा जवळपास गेली, पट्टी शेजारणीपेक्षा किंचित गडद. उरलेल्या पट्ट्यांना क्लिंग फिल्म गुंडाळून मगच पुढे गेलो. चिकटपट्टी वापरली नाही, ती काढताना रंगाचा थर सोबत घेऊन येते.

१८ ते २१ सप्टेंबर: हँडलं

घामातली चरबी वर्षानुवर्षं मुरलेली. ओलं काही चालणार नाही, म्हणून कोरडं शोषण. बहुतेक ठिकाणी कॉर्नफ्लोअर सुचवतात. सप्टेंबरच्या ठाण्यात स्टार्च शिवणीत राहिला तर तो बुरशीचा खाऊच. त्याऐवजी जांभळी नाक्यावरून आणलेली मुलतानी माती, वस्त्रगाळ केलेली, पूर्ण कोरडी. हळद-गुलाबपाणी मिसळलेली नको. कागदाच्या पन्हळीत हँडल ठेवून वरून थर, वरती टिश्यू गुंडाळून २४ तास. मग ब्रश. असं तीनदा. पहिल्या वेळी माती पिवळट निघाली, तिसऱ्या वेळी जवळजवळ कोरी.

फरक: तेलकट चकाकी गेली, काळेपणा थोडा उतरला, पूर्ण गेला नाही आणि जाणार नाही. जुनी चरबी तंतूंत आंबून पक्की झालेली असते. इथे थांबणं हा निर्णय आहे. सँडपेपर किंवा 'मॅजिक' स्पंजने तो रंग निघतो, पण सोबत चामड्याचा वरचा घट्ट थर निघतो, आणि खालचा भुसभुशीत थर पुढच्या महिन्यात दुप्पट मळतो.

एका पट्टीवर बकलखाली निळसर काळा ठिपका. हा मळ नाही. बकलच्या काट्याचा मुलामा झिजून खालचं लोखंड उघडं पडलंय. ओल, लोखंड आणि सालीतलं टॅनिन एकत्र आले की शाई तयार होते. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी काळी शाई करत, ती हीच क्रिया. ऑक्झॅलिक आम्लाने असे डाग फिके होतात, पण ते धुऊन काढायला चामडं भिजवावं लागतं. ३ मिमीच्या ठिपक्यासाठी नाही. काट्याला पारदर्शक लॅकरचा पातळ हात दिला, म्हणजे डाग वाढणार नाही.

२२ सप्टेंबर

रिव्हेटभोवतीचं हिरवं मेण. पितळातलं तांबं आणि चामड्यातली स्निग्ध आम्लं मिळून तांब्याचा साबण होतो, तो हा. क्रीम जितकं जास्त चोपडाल तितका जास्त येतो. लाकडी टूथपिक तासून सपाट केली, खरवडून काढलं, कडेला कापसाच्या काडीवर व्हाइट स्पिरिटचा एक थेंब. चामड्याला लागू दिलं नाही.

चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी हे समईसाठी. इथे पूड टाक्यांत शिरते, आणि आम्ल उघड्या चामड्यावर डाग पाडतं. बकल तर मुलाम्याचं आहे: कोपऱ्यात झिजलंय तिथे खालचा करडा धातू दिसतो. घासलं की सोनेरी थर गेलाच. कोरडं मायक्रोफायबर, एवढंच.

२३ सप्टेंबर: चिकट कप्पा

पीयूचा लेप हवेतल्या ओलीने विघटित होतो. वापरा किंवा ठेवून द्या, दमट हवेत काही वर्षांत तो गुळाच्या पाकासारखा होतो. टाल्कम पावडर लावून दोन आठवडे बरं वाटतं, मग लगदा होतो. लेप काढून टाकणं हाच इलाज.

अस्तर बाहेर ओढून कप्पा उलटा केला, खाली पुठ्ठा. खिडकी उघडी, गॅस बंद, देव्हाऱ्यातला दिवाही नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल कापडावर घेऊन दोन मिनिटं दाबून ठेवायचं, लेप फुगतो, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ओढून काढायचा. अडीच तास, ६० मिली, आठ कापडं. खालचं विणलेलं कापड शाबूत निघालं. अल्कोहोल अस्तराच्या शिवणीपलीकडे झिरपून अंगाच्या चामड्याला लागू नये म्हणून दर वेळी कापड पिळून घेतलं.

बॉलपेनची रेघ: काडी ओलसर करून नुसती फिरवली, घासली नाही. निम्मी फिकी झाली, मग काडीवर टॅन दिसू लागलं. थांबलो. फ्लॅपच्या आत आहे, राहू दे.

नवं वजन ८७५. सहा ग्रॅम लेप गेला. यापुढचा पाया हाच.

२९ सप्टेंबर

शनिवार-रविवार पाऊस कोसळला. बॅग या दिवसांत नेहमीच्या खोलीत होती, एसी बंद. आज वजन ८८४. डाव्या मागच्या कोपऱ्यात गोटाच्या खाचेत पुन्हा टाचणीच्या डोक्याएवढे दोन पांढरे ठिपके.

कारण गोटाच्या आतली दोरी. ती सगळ्यांत उशिरा वाळते आणि तिथवर ब्रश पोचत नाही. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की उरलेल्या बीजकणांना तेवढं पुरतं. ठिपके ब्रशने काढून खाचेत अल्कोहोलची काडी एकदा फिरवली.

आता बंद डबा. ४५ लिटरचा, झाकणाला रबरी कड असलेला. आत मापक, आणि ओल शोषणाऱ्या नारिंगी सिलिका जेलचं ५०० ग्रॅमचं अख्खं पाकीट.

१ ऑक्टोबर

डब्यात २९ टक्के. वजन ८६८, पायापेक्षाही ७ ग्रॅम कमी. हँडलं ताठर, वाकवली की बारीक सुरकुत्या. लगेच बाहेर काढली आणि ५३ टक्क्यांच्या खोलीत ठेवली.

चूक हिशेबाची. ४५ लिटर हवेत दमट दिवशीही जेमतेम एक ग्रॅम पाणी असतं. बॅगेतलं जास्तीचं पाणी ९ ग्रॅम. सिलिका जेल ५० टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी धरतं. म्हणजे १० ग्रॅम पाण्याला ४० ग्रॅम जेल. आम्ही बारापट टाकलं, आणि भुकेल्या जेलने चामड्याची हक्काची ओलही ओढून घेतली. चामडं ४० टक्क्यांखाली फार दिवस ठेवू नये.

बाजारात बॅगेबरोबर येणारी एक ग्रॅमची पुडी याच हिशेबाने कुचकामी ठरते. कमी आणि जास्त, दोन्हीकडून मापकाशिवाय अंदाज चुकतो.

३ ऑक्टोबर

वजन ८७४, हँडलं पूर्ववत. सुरकुत्या राहिल्या नाहीत, वेळेत काढली म्हणून. डब्यात आता ५० ग्रॅम जेल, मलमलच्या पुरचुंडीत. सहा तासांनी ४८ टक्के.

वापरलेलं जेल हिरवट झालं की स्टीलच्या ताटात पसरून ओटीजीत ११० अंशांवर दोन तास, पुन्हा नारिंगी होतं. ते ताट नंतर खाण्यासाठी नाही. निळं जेल घेऊ नये, त्यात कोबाल्टचं क्षार असतं आणि ते आरोग्याला घातक आहे.

५ आणि ६ ऑक्टोबर: कडा आणि टाके

कडेचा रंग धारावीतून आणलेला, पाण्याचा, खास चामड्याच्या कडांचा. ५० मिलीतला ३ मिलीही लागला नाही. तडकलेला भाग नखाने सुटेल तेवढाच काढला, ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने जोड एकसारखा केला, धूळ ओलसर कापडाने टिपली. अणीने थेंब ओढत पातळ हात. दोन तास. ६०० ने हलकं घासून दुसरा. पुन्हा तिसरा. शेवटचा २४ तास मोकळा. एकच जाड हात दिला तर वरून साय धरते, आत ओलं राहतं आणि बॅग वाकली की तिथेच फुटतं. एसीच्या खोलीतच करा, दमट हवेत दोन तासांचे पाच होतात. नेलपॉलिश वापरलेल्या कडा बऱ्याच पाहण्यात येतात. ती वाळून काचेसारखी ठिसूळ होते, आणि तिच्यातला द्रव शेजारचा रंग खातो.

उजव्या पट्टीचे दोन टाके सुटलेले. ही मशीनची शिवण. दोन दोरे एकमेकांत अडकलेले, एक तुटला की ओळ उसवत जाते. एर्मेसच्या बॅगांना हातशिलाई असते, दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे आरपार, म्हणून एक तुटला तरी दुसरा धरतो. इथे जुन्याच भोकांतून बोथट सुईने पॉलिएस्टर दोरा, दोन्हीकडे तीन टाके मागे जाऊन, शेवट ज्योत न दाखवता गरम सुईने वितळवून बसवला. नवं भोक पाडायचं नाही, चामड्यातलं भोक बुजत नाही.

८ ऑक्टोबर: क्रीम

यासाठी एवढे दिवस थांबलो. भुरा असताना किंवा चामडं ओलं असताना क्रीम लावलं तर ओल आत कोंडते आणि वर बुरशीला जेवण मिळतं.

पाण्यातलं, रंगहीन लेदर क्रीम. संपूर्ण अंगाला ३ मिली. वाटाण्याएवढं मलमलवर घेऊन आधी कापडातच चोळायचं, मग बॅगेला. थेट बॅगेवर ठेवलं तर त्या जागी डाग. अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने चकाकी. रात्रभर थांबून पाहिलं, वळणाच्या जागी, म्हणजे फ्लॅपच्या मोडणीवर, आणखी अर्धा मिली. बाकी कुठे दुसरा हात नाही. रंगाचा थर असलेलं चामडं फारसं काही पीत नाही, जादाचं वर बसून धूळ धरतं.

हँडलांना काहीच नाही. त्यांच्यात आधीच गरजेपेक्षा जास्त चरबी आहे.

खोबरेल तेलाचा प्रश्न हमखास येतो, म्हणून लिहून ठेवतो. चपलांना, ढोलकीसारख्या वाद्यांना तेल लावण्याची आपली परंपरा आहे आणि तिथे तिचं काम आहे. हँडबॅगेला खोबरेल गडद डाग पाडतं, खोल जाऊन परत निघत नाही, आणि साधारण २४ अंशांखाली थिजतं. एसीच्या खोलीत तेच पांढरं होऊन वर येतं आणि लोक त्याला भुरा समजून स्पिरिटने पुसतात. तिथून रंग जायला सुरुवात होते.

१२ ऑक्टोबर

चेनच्या दातांना पांढऱ्या मेणबत्तीचा हात, पाच-सहा वेळा उघडबंद, जादा मेण पुसलं. पेन्सिलीचं शिसंही चालतं, पण फिक्या अस्तरावर उतरतं.

आकार: आत पांढऱ्या सुती टी-शर्टांच्या गुंडाळ्या. वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. फुगेपर्यंत कोंबू नये, शिवणी ताणतात. खांद्याचा पट्टा काढून वेगळा गुंडाळला, त्याच्या कड्यांचे ठसे अंगावर उठतात.

१९ ऑक्टोबर

वजन ८७४. बाहेर दुपारी ५८ टक्के, पाऊस गेलाय. ताईंनी आपली बॅग दिवाळीसाठी नेली. सोबत चिठ्ठीत लिहून दिलेलं:

"वापरून आल्यावर बॅग रिकामी करून रात्रभर उघडी ठेवा, मगच कपाटात. महिन्यातून एकदा कोरड्या मलमलने पुसा. क्रीम वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबर, ३ मिली. मे अखेरीस वजन करून सुती पिशवीत घालून डब्यात, ५० ग्रॅम जेलसह. मापक ४५ ते ५५ मध्ये हवा. ६० वर गेला की जेल बदला. डांबराच्या गोळ्या नकोत. त्या बुरशी रोखत नाहीत आणि वास चामड्यातून वर्षभर जात नाही. गडद जीन्सला ही बॅग घासू देऊ नका. पावसात भिजली तर चोळू नका, टिपा, आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. हँडलं कोरड्या हातांनी धरा, सॅनिटायझर वाळल्यावर."

खर्च: मापक, जेल, दोन्ही अल्कोहोल, क्रीम, कडेचा रंग, पॉलिश पेपर, डबा मिळून साधारण २,४०० रुपये. डबा, मापक आणि जेल पुढे कायम वापरता येतील.

१ नोव्हेंबर

ताईंकडे जाऊन पाहणी. ८७५ ग्रॅम. भिंगातून चारही कोपरे आणि गोटाची खाच स्वच्छ. कडांना तडा नाही. रिव्हेटखाली हिरवं नाही. डाव्या हँडलाच्या पकडीवर हळदीचा ताजा डाग, साधारण १ सेंमी. ओलं काही लावू नका असं सांगितलं, मुलतानी माती पसरून ठेवली. उद्या ब्रश.